उठण्याची वेळ आणि झोपण्याची सोय

अमरावतीहून नागपूरकडे निघाले की तिवसा तालुक्यात मोझरी लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली इथे गुरुकुंज आश्रम उभा केला आणि तिथला दिवस दोन वेळांवर बांधला. पहाटे सामुदायिक ध्यान आणि सायंकाळी सामुदायिक प्रार्थना. पुढे त्यांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव गेल्या, तशा या दोन वेळाही वऱ्हाडातल्या कित्येक गावांत पोचल्या. आज यातली पहाट लोकांना चांगली आठवते. लवकर उठण्याचे कौतुक घरात होते, शाळेत होते, व्याख्यानात होते. उशिरापर्यंत झोपणारा आळशी ठरतो. संध्याकाळचे मात्र तसे झाले नाही. प्रार्थना झाली, जेवणे झाली, दिवा मालवला, हा क्रम गेला आणि तो गेल्याची हळहळही फारशी कोणाला वाटली नाही. माझे म्हणणे असे की पहाटे उठणे हा स्वतंत्र गुण नाहीच, तो आदल्या संध्याकाळचा परिणाम आहे. आणि ती संध्याकाळ एकट्याच्या निश्चयावर फार दिवस टिकत नाही. तिला घराची, गावाची, वीज कंपनीची आणि शाळेच्या वेळापत्रकाची साथ लागते. पुरेशी झोप हा आपण समजतो त्यापेक्षा बराच सामुदायिक मामला आहे.

हे पटायला झोप येते कशी, इथून सुरुवात करावी लागते. स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडलेली कल्पना अजून सर्वांत उपयोगी आहे. झोप दोन वेगवेगळ्या गोष्टी मिळून आणतात, असे ते सांगतात. पहिली म्हणजे जागेपणाचा साठत जाणारा दाब. आपण जागे असतो तोवर मेंदूच्या पेशी ऊर्जा वापरतात आणि त्यातून अडेनोसिन नावाचे द्रव्य जमत जाते. ते जितके जास्त, तितकी गुंगी जास्त. झोपेत ते ओसरते. चहा-कॉफीतले कॅफिन अडेनोसिन काढून टाकत नाही, मेंदूत ते ज्या जागी चिकटते ती जागाच अडवून बसते. म्हणून चहाने झोप उडते पण थकवा जात नाही, आणि चहाचा अंमल उतरला की साठलेली झोप एकदम अंगावर येते. दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातले घड्याळ. डोळ्यांतून येणाऱ्या नसा मेंदूत जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगेच वर हजारो पेशींचा एक पुंजका आहे. तो साधारण चोवीस तासांच्या चालीने अंगाचे तापमान, संप्रेरके आणि जाग-झोप वरखाली करत असतो. हे घड्याळ पेशीच्या आत जनुकांच्या पातळीवर कसे चालते, हे उलगडल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ साली नोबेल मिळाले. यातली आपल्या कामाची गोष्ट अशी की हे घड्याळ रोज थोडे चुकते आणि रोज उजेडाने लावावे लागते. सकाळचा उजेड ते पुढे ओढतो, रात्रीचा उजेड मागे ढकलतो. अंधार पडू लागला की मेलाटोनिन स्रवू लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते.

आता गुरुकुंजाचा दिनक्रम पुन्हा पाहावा. दिवस उजाडतानाच उघड्यावर येऊन बसायचे आणि दिवस मावळताना कामे थांबवून शांत एकत्र बसायचे, म्हणजे शरीराच्या घड्याळाला जिथे खूण हवी असते नेमकी तिथेच दोन्ही टोकांना खूण केलेली. यामागे प्रयोगशाळा होती असे सुचवण्याचा हेतू नाही; वावरात राबणाऱ्या माणसांच्या वेळेत बसेल अशी ती योजना होती. आपल्याकडे जुन्या चालीरीतीत आधुनिक विज्ञान शोधून काढण्याची जी हौस आहे तिच्यापासून दूरच राहिलेले बरे. पण योजना चांगली असेल तर ती चांगली का आहे, हे सांगायला हरकत नाही. आणि ती अर्धीच पाळली तर काय होते, हेही सांगायला हवे. रात्री साडेअकरा-बारापर्यंत लख्ख दिव्यांत आणि पडद्यासमोर बसून पहाटे चारचा गजर लावणाऱ्याने आपल्या घड्याळाला एका हाताने मागे ढकललेले असते आणि दुसऱ्या हाताने पुढे ओढलेले असते. मोबाइलच्या निळ्या उजेडाचा मात्र थोडा जास्तच बाऊ झाला आहे. २०१५ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी चार तास चमकत्या पडद्यावर वाचणाऱ्यांना कागदी पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सरासरी दहाएक मिनिटेच जास्त लागली. मोबाइल झोप खातो तो उजेडापेक्षा 'अजून एक बघू' या मोहाने.

पहाटेच्या चारचेही थोडे तपासून पाहण्यासारखे आहे. ब्राह्ममुहूर्त घड्याळातल्या आकड्याला बांधलेला नाही, तो सूर्योदयाला बांधलेला आहे. दोन मुहूर्त म्हणजे शहाण्णव मिनिटे सूर्योदयाच्या आधी तो सुरू होतो. अमरावतीकडे मेच्या अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो, तेव्हा ब्राह्ममुहूर्त चारच्या आसपास येतो हे खरे. पण जानेवारीत सूर्य सातच्या जरासा आधी उगवतो. तेव्हा तोच मुहूर्त सव्वापाचच्या पुढे जातो. त्यात भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, आणि मोझरी अठ्ठ्याहत्तरच्या जवळ, म्हणजे इथला सूर्य घड्याळाच्या सुमारे अठरा मिनिटे मागे चालतो. थंडीत चारला उठून बसणारा माणूस शास्त्राच्या आज्ञेपेक्षाही तासभर आधी उठलेला असतो. शिवाय अष्टांगहृदयात वाग्भटाने ब्राह्ममुहूर्तावर उठायला सांगितले आहे ते निरोगी माणसाला, सरसकट सर्वांना नाही. हे बारकावे गळून पडले आणि 'चारला उठा' एवढाच आकडा उरला.

तास कापले की नेमके काय जाते, हे रात्रीची रचना पाहिल्यावर कळते. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन अॅसेरिन्स्की आणि नथॅनिएल क्लाइटमन यांना दिसले की झोपेत काही काळ मिटल्या पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि त्या वेळी उठवले तर माणूस बहुधा स्वप्न सांगतो. त्याआधी झोप म्हणजे मेंदूची सरसकट विश्रांती असा समज होता. प्रत्यक्षात रात्र साधारण नव्वद-नव्वद मिनिटांच्या फेऱ्यांत जाते: हलकी झोप, गाढ झोप, मग स्वप्नझोप. मात्र सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. गाढ झोपेचा मोठा वाटा रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात येतो, स्वप्नझोपेचा शेवटच्या तृतीयांशात. त्यामुळे आठ तासांतले शेवटचे दोन तास कापले तर झोप पाव हिश्शाने कमी झाली एवढाच हिशेब होत नाही. स्वप्नझोपेचा बराच मोठा भाग हातचा जातो. गाढ झोपेत मुलांच्या वाढीचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात स्रवते, रक्तदाब उतरतो, आणि दिवसभरात शिकलेले मेंदू पक्के करत असतो. स्वप्नझोपेचा संबंध भावनांच्या निवळण्याशी आहे असे बरेच संशोधक मानतात. झोपेत मेंदू स्वतःची सफाई करतो, हे अलीकडे फार ऐकू येते. २०१३ साली रॉचेस्टर विद्यापीठात उंदरांवर केलेल्या प्रयोगातून ते पुढे आले. २०२४ मध्ये लंडनच्या एका गटाला उंदरांतच उलटे आढळले. तेव्हा सफाईचे अजून ठरायचे आहे. पण साखर आणि रोगप्रतिकार यांच्याबाबत एवढा संशय नाही. १९९९ साली अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिले, तर रक्तातली साखर आवरण्याची त्यांची क्षमता मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसासारखी झाली. त्याच गटाच्या पुढच्या प्रयोगात झोप तोडलेल्यांना फ्लूची लस दिली. दहा दिवसांनी त्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्ये पुरेसे झोपणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली. घरोघर साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या आपल्या राज्यात पहिला प्रयोग तरी दुर्लक्षिण्यासारखा नाही.

यावर हमखास येणारे उत्तर असते, 'आम्हाला सवय झाली.' ते खोटेपणाने दिलेले नसते, आणि तीच अडचण आहे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हान्स व्हान डाँगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांचे गट करून दोन आठवडे कोणाला रोज चार, कोणाला सहा, कोणाला आठ तास बिछान्यात राहू दिले. आठ तासवाले ठीक राहिले. चार आणि सहा तासवाल्यांचे लक्ष आणि प्रतिसाद दिवसेंदिवस खालावत गेले, इतके की शेवटी ते एक ते दोन अख्ख्या रात्री जागलेल्या माणसांसारखे चुकू लागले. पण 'किती झोप येते आहे?' या प्रश्नाला त्यांची उत्तरे पहिल्या काही दिवसांनंतर फारशी बदललीच नाहीत. म्हणजे सवय होते ती पेंगुळल्या अवस्थेची. काम पहिल्यासारखे होत नाही, आणि ते होत नाही हे कळण्याची शक्तीही त्याच झोपेबरोबर गेलेली असते. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात-डोळ्यांचा मेळ लागणाऱ्या चाचणीत थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतका चुकतो, असे ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगांत दिसले आहे. मोझरीवरून रात्रभर धावणाऱ्या ट्रकच्या चालकांना कोणी 'सवय आहे' म्हणून सूट देऊ नये.

थोर माणसे चार तास झोपत, हा दाखलाही नेहमी दिला जातो. अगदी थोड्या झोपेवर धडधाकट राहणारी माणसे असतात. २००९ साली कॅलिफोर्नियात यिंग-हुइ फू यांच्या गटाला एका कुटुंबातल्या अशा माणसांत एका जनुकातला बदलही सापडला. पण तो बदल विरळा आहे, आणि व्रत घेऊन तो अंगी येत नाही. थोरांच्या चार तासांत दुपारची डुलकी, प्रवासातली पेंग धरली जाते की नाही, हे चरित्रकार सहसा लिहीत नाहीत. भजन-जागरणाची गोष्ट मात्र वेगळी. वऱ्हाडात भजनाच्या, कीर्तनाच्या रात्री उजाडेपर्यंत चालतात आणि त्यात वाईट काही नाही. एखादी रात्र बुडाली तर पुढच्या रात्री शरीर आधी गाढ झोपेची भरपाई करून घेते. नुकसान करते ती रोजची, महिनोन्महिने चालणारी काटछाट.

याहून वजनदार हरकत मानववंशाच्या अभ्यासातून येते. २०१५ साली टांझानियातले हाडझा, नामिबियातले सान आणि बोलिव्हियातले त्सिमाने या वीज नसलेल्या तीन समाजांतल्या ९४ माणसांची झोप मनगटावरच्या यंत्राने मोजली गेली. ती रात्री ५.७ ते ७.१ तास भरली. सूर्यास्तानंतर लगेच झोपत असतील, हेही खरे निघाले नाही. ही माणसे अंधार पडल्यावर सरासरी तीन तासांहून जास्त जागी असत. मग आठ तासांचे स्तोम कशाला? यातला मुद्दा मी मान्य करतो. आठ हा काही मंत्र नव्हे, आणि आपले पूर्वज दिवेलागणीला झोपत हे चित्रही जरा भाबडे आहे. पण त्याच अभ्यासात ही माणसे ६.९ ते ८.५ तास अंथरुणावर असत. झोपेच्या प्रचलित शिफारशी, म्हणजे प्रौढांना किमान सात तास, बऱ्याच अंशी लोकांनी स्वतः सांगितलेल्या तासांवरून आल्या आहेत, आणि लोक सांगतात ते साधारण अंथरुणावरचे तास असतात. हे लक्षात घेतले की दोन्ही आकडे जवळ येतात. आणखी एक म्हणजे या समाजांत उठण्याची वेळ दिवसागणिक फारशी हलत नव्हती, आणि निद्रानाश जवळपास नव्हता. ब्रिटनमधल्या साठ हजारांवर माणसांच्या अलीकडच्या अभ्यासात झोपेच्या नियमितपणाचा मृत्यूच्या जोखमीशी असलेला संबंध तासांच्या संख्येपेक्षाही घट्ट निघाला. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, कारण आजारी माणसाची झोप आधीच बिघडलेली असते. तरी रोज ठरल्या वेळी, सर्वांनी मिळून, हा जो मोझरीचा आग्रह आहे, त्याचे महत्त्व आकड्यांच्या वादात हरवू नये.

सर्वांत अवघड आक्षेप मात्र आपल्याच देशातून आला आहे आणि तो टाळता येण्यासारखा नाही. चेन्नईत अर्थशास्त्रज्ञांच्या एका गटाने गरीब वस्त्यांतल्या ४५२ कामकरी माणसांना महिनाभर अभ्यासले. निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ही माणसे रोज सुमारे आठ तास अंथरुणावर असत आणि झोप मिळे साडेपाच तास. त्यांना चांगल्या गाद्या, उशा, डोळ्यांच्या पट्ट्या, कानांतले बोळे, पंखे दिले, काहींना जास्त झोपण्याबद्दल पैसेही दिले. झोप रोज २७ मिनिटांनी वाढली. आणि कामात, कमाईत, तब्येतीत काहीच सुधारणा दिसली नाही. झोपेचे गोडवे गाणाऱ्यांना हा चांगलाच धक्का होता. पण त्याच प्रयोगात काहींना दुपारी कामाच्या जागी अर्धा तास शांत झोपू दिले होते. त्यांचे काम सुधारले, मन बरे राहिले. याचा अर्थ मला असा दिसतो: रात्रीची झोप उकाडा, डास, कुत्री, शेजारचा आवाज यांनी शंभर ठिकाणी तुटत असेल, तर तसल्या तुटक्या झोपेत आणखी अर्धा तास घालून हाती फारसे लागत नाही. दुपारची झोप थोडी होती पण सलग होती. अर्थात एका शहरातला एक महिना म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. एवढे मात्र त्यातून पक्के निघते की माणसाला 'लवकर झोप' असे सांगून काम भागत नाही. तो अंथरुणावर आडवा होतोच आहे. झोपायची सोय त्याच्याकडे नाही.

वऱ्हाडाला हे कळायला चेन्नईला जायला नको. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान सुमारे एक अंशाने उतरावे लागते. हातापायांच्या कातडीतून उष्णता बाहेर टाकून शरीर ते करते. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि सिमेंटचा स्लॅब मध्यरात्र उलटली तरी दिवसभराची धग खाली सोडत असतो. मातीच्या भिंतींचे जुने घर, अंगणातली बाज, गच्चीवर पाणी शिंपडून घातलेली अंथरुणे यांत शहाणपण होते. त्यांची जागा कूलरने घेतली आणि कूलर विजेवर अडला. लाइट गेली की अख्खी आळी उठून बसते. इथे आयुर्वेदाचा एक दाखला खरोखर कामाचा आहे, आणि गुरुकुंजातच आयुर्वेद महाविद्यालय असल्याने तो तिथे रोज शिकवलाही जात असेल. चरकसंहितेत आहार आणि ब्रह्मचर्याबरोबर निद्रा हा शरीराचा एक आधार मानला आहे, दिवसा झोपण्याला सामान्यतः मनाई केली आहे, पण उन्हाळ्याचा अपवाद ठेवला आहे, कारण तेव्हा रात्री लहान असतात. अमरावतीच्या अक्षांशावर मेअखेरीची रात्र डिसेंबरच्या रात्रीपेक्षा सव्वादोन तासांहून अधिक लहान असते. भर दुपारी ओसरीवर तासभर लवंडणारा शेतकरी आळशी नसतो. रात्रीच्या उणिवेचा थोडा भाग तो वसूल करत असतो.

आणि रब्बीत तर त्याची रात्र सरकारी वेळापत्रकानेच घेतलेली असते. शेतीपंपांना तीन फेजची वीज वर्षानुवर्षे पाळीपाळीने दिली गेली, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की हरभरा-गव्हाचे ओलीत रात्रीच करावे लागते. मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून स्टार्टरला 'ऑटो' बसवता येते, पण तेवढ्याने माणूस घरी झोपू शकत नाही. तुषार सिंचन असेल तर दर दोन-तीन तासांनी चिखलात उतरून पाइप आणि नोझल पुढच्या पट्ट्यात हलवावे लागतात. पाटाचे पाणी असेल तर दांड फुटला का, पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचले का, हे बॅटरीच्या उजेडात बघत फिरावे लागते. साप-विंचवाची आणि विजेच्या धक्क्याची भीती वेगळीच. मध्ये तासभर पाठ टेकली तरी ती झोप तुटकीच, कारण गाढ झोपेतून उठवलेल्या माणसाचा मेंदू पंधरा-वीस मिनिटे, कधी जास्तही, धड चालत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी त्याचा हात स्टार्टरवर असतो. ज्या हंगामात ओलीत नसते त्या हंगामात रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला जागल करावी लागते. एका रात्रीत रानडुकरांचा कळप मक्याचा किंवा भुईमुगाचा पट्टा झोपवून जातो, म्हणून घरातला एक तरी माणूस माळ्यावर बसून असतो. या माणसाला झोपेचे महत्त्व पटवून देणारे व्याख्यान कोणी ठेवले तर ते त्याने ऐकावे तरी कसे?

दिवसा वीज मिळावी ही शेतकऱ्यांची मागणी जुनी आहे. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्याने आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देशच तो आहे. तिची चर्चा युनिट, अनुदान आणि जमिनीच्या भाड्यात होते. मला ती आरोग्य योजनाही वाटते. रात्रपाळीने शरीराचे घड्याळ विस्कटते आणि कर्करोगाचा धोका बहुधा वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली म्हटले आणि २०१९ साली पुन्हा तपासून कायम ठेवले. कारखान्यातल्या रात्रपाळीला निदान भत्ता तरी असतो. शेतातल्या रात्रपाळीची नोंदही कुठे होत नाही.

शाळेच्या बाबतीत महाराष्ट्राने एक पाऊल टाकले खरे, पण ते थोडे चुकीच्या अंगाला पडले. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. मुलांची झोप होत नाही, हे कारण त्यात उघडपणे होते. झोपेसाठी सरकारने वेळापत्रक बदलावे, याचे स्वागतच. मात्र शरीराचे घड्याळ सर्वांत जास्त मागे सरकते ते लहान मुलांचे नव्हे, वयात येणाऱ्या मुलामुलींचे. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री दहाला झोप येत नाही यात त्याचा उर्मटपणा कमी आणि मेलाटोनिनचा उशीर जास्त असतो, आणि त्याला झोप मात्र आठ ते दहा तास लागते. म्हणून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली साडेआठच्या आत शाळा भरवू नका असे सांगितले ते मोठ्या वर्गांसाठी, आणि कॅलिफोर्नियाने तसा कायदाही केला. आपल्याकडे हीच मुले सकाळच्या शिकवणीला अंधारात सायकल काढतात. उशिरा शाळा भरली तर मुले आणखी उशिरा झोपतील, अशी शंका पालक घेतात. जिथे वेळा बदलल्या तिथे मुलांची एकूण झोप वाढलेली आढळली, तेव्हा ती शंका फारशी टिकत नाही. एसटीच्या फेऱ्या, दोन पाळ्यांत भरणाऱ्या इमारती, आईवडिलांची कामाची वेळ या अडचणी मात्र खऱ्या आहेत, आणि त्या एकट्या मुख्याध्यापकाला सुटणाऱ्या नाहीत. अमरावतीच्या अभ्यासिकांत रात्र काढणाऱ्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर एवढेच सांगता येईल की वाचलेले पक्के होण्याचे काम झोपेत चालते. ती तोडून वाढवलेले तास हा अभ्यासाच्या दृष्टीनेही तोट्याचा सौदा आहे.

'झोपेचा विषय गावाने का घ्यावा, ज्याचे त्याने बघावे' असे कोणी म्हणेल. कायदा तसे म्हणत नाही. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका माणसाची रात्रभर चाललेली चौकशी गैर ठरवताना झोपण्याचा हक्क ही मूलभूत मानवी गरज असल्याचे नोंदवले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ सालीच रामलीला मैदानाच्या प्रकरणात तो जगण्याच्या हक्काशी जोडला होता. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत रात्र म्हणजे दहा ते सहा अशी व्याख्याच आहे. त्या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, सणावारांसाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत मुभा राज्य सरकार देऊ शकते. म्हणजे गावाच्या झोपेची वेळ कागदावर ठरलेली आहे. ती पाळणे अशक्य आहे असेही म्हणता येणार नाही. दर वर्षी पुण्यतिथी महोत्सवात मोझरीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी, १९६८ साली महाराजांचे निर्वाण झाले त्या घटकेला, लाखोंचा समुदाय असेल तिथे उभा राहून मौन पाळतो. घड्याळाच्या एका मिनिटावर एवढी माणसे एकत्र थांबू शकतात. १९५५ सालच्या ग्रामगीतेत महाराजांनी आरोग्याचा अध्याय लिहिला त्याचे नावच ग्राम-आरोग्य असे आहे. लग्नसराईत रात्री अकराला वाजणारा डीजे, रब्बीतले रात्रीचे ओलीत, सातची शिकवणी, या गोष्टी ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर याव्यात अशाच आहेत. यातला डीजे ग्रामपंचायत आणि पोलीस पाटील मिळून पुढच्याच आठवड्यात थांबवू शकतात, शिकवणीची वेळ पालकांच्या एका बैठकीत बदलू शकते. विजेसाठी मात्र ठराव करून महावितरणच्या दारात जावे लागेल, आणि बहुधा एकदा जाऊन भागणार नाही.